दाताखालचा दाणा

आपल्या व्यापारी मंडळाच्या स्मरणिकेत आम्ही आजवर जे चार-दोन लेख लिहिले, ते तोलमाप, बारदाना आणि मंडीतील आडत यांविषयींचे. यंदा संपादक मंडळींनी विषय विचारला तेव्हा आम्ही "दात" असे उत्तर दिले आणि बैठकीत हशा पिकला. हसणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या तोंडात सगळे दात नव्हते, हे आम्ही तेथल्या तेथेच मोजून घेतले होते. पडलेल्या दाताच्या जागी काय बसवावे, विशेषतः हल्ली ज्याचा बोलबाला आहे ते हाडात रोवावयाचे दंतरोपण करावे की करू नये, या प्रश्नाने आमची गेली दोन वर्षे खाल्ली. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले धान्याचे व्यापारी. वैद्यक हा आमचा विषय नव्हे. परंतु माल घेण्यापूर्वी जितकी चौकशी करावयाची तितकी आम्ही केली, आणि ती चौकशी सभासद बंधुभगिनींच्या उपयोगी पडावी म्हणून येथे मांडीत आहो.

धान्याच्या व्यापाऱ्यास दात हे केवळ जेवणाचे साधन नव्हे, ते त्याचे माप आहे. सिंधीपुऱ्यातील पेढीवर आमचे वडील बसत असत तेव्हापासूनची रीत अशी की, गव्हाची वानगी आली म्हणजे प्रथम ती तळहातावर पसरून रंग पाहावयाचा, मग नाकाशी नेऊन वास घ्यावयाचा आणि अखेरीस दोन दाणे मागच्या दाढेखाली धरून हलकेच दाबावयाचे. चांगला वाळलेला दाणा कट्‌ असा आवाज करून दुभंगतो. ओला दाणा आवाज न करता चेपला जातो. आणि वरून वाळलेला पण आत ओल धरून असलेला दाणा आधी कुरकुरतो व मग चिवटपणा दाखवितो. हा तिसरा दाणाच व्यापाऱ्यास बुडवितो, कारण कोठारात दोन महिन्यांनी त्याचाच वास सुटतो. सरकारी खरेदीत गव्हाचा ओलावा १२ टक्क्यांपर्यंत चालतो, १४ टक्क्यांपर्यंत किंमत कापून घेतात आणि त्यापुढे माल परत करतात. म्हणजे बारा आणि चौदा यांच्यामधील अंतर हा आमचा सगळा नफा. आता ओलावा मोजण्याचे यंत्र आमच्याही गादीजवळ असते आणि ते खोटे बोलत नाही. तरी यंत्रातील आकडा वाचून झाल्यावर हात आपोआप तोंडाकडे जातो. ही सवय चाळीस वर्षांची आहे.

आमची डाव्या बाजूची खालची पहिली दाढ वयाच्या ५२ व्या वर्षी गेली. ही दाढ मुलाच्या सहाव्या वर्षी, एकही दुधाचा दात पडण्यापूर्वी पुष्कळदा मागच्या मागे येते. आईबापांस ती दुधाचीच वाटते आणि सगळ्यांत आधी कीड लागते तीही तिलाच. आमच्या दाढेस कीड लागली तेव्हा लवंगेच्या तेलावर आम्ही दोन वर्षे काढली. नंतर दंतवैद्याने सांगितले की, रूट कॅनॉल करून वर टोपी बसविली तर दाढ वाचेल, नाहीतर काढावी लागेल. हंगाम चालू होता. काढण्यास दहा मिनिटे लागणार होती आणि वाचविण्यास चार फेऱ्या. आम्ही दहा मिनिटांचा सौदा केला. आयुष्यात केलेल्या वाईट सौद्यांत त्याचा क्रमांक बराच वर लागेल. ५८ व्या वर्षी तिच्या मागची दाढ हलू लागून गेली आणि ६१ व्या वर्षी उजव्या बाजूची वरची एक.

तीन दाढा जाऊनही आम्ही काही केले नाही. दिसत नाही, दुखत नाही, मग कशाला, असा विचार. परंतु रिकामी जागा स्वस्थ बसत नाही. समोरचा दात हळूहळू त्या पोकळीकडे लांबू लागतो, शेजारचा कलतो, आणि ज्या हाडात मूळ होते ते हाड झिजू लागते. दात काढल्यानंतर पहिल्या वर्षभरातच त्या जागेच्या हाडाची रुंदी सुमारे निम्मी होऊ शकते, असे आम्हांस पुढे कळले. भाडेकरू गेलेल्या गाळ्याच्या भिंती जशा वापराअभावी खचतात, तसेच ते. म्हणून दात काढावयाच्या दिवशीच पुढे तेथे काय बसवावयाचे याची बोलणी करावी. आमच्याशी ती कोणी केली नाहीत आणि आम्हीही विचारले नाही.

परिणाम ताटात दिसू लागला. कळण्याची भाकरी आम्ही वरणात भिजवून खाऊ लागलो. फुटाणे सुटले, ऊस सुटला. चौविहार पाळणाऱ्या घरात संध्याकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी उरकावे लागते. दुकान बंद करून घरी पोहोचेपर्यंत अर्धा तास हाती उरतो आणि एका बाजूने चावणाऱ्या माणसास तो पुरत नाही. एकाशनाच्या दिवशी तर एकाच बैठकीत दिवसभराचे अन्न घ्यावयाचे, तेही नीट चावले गेले नाही म्हणजे दुपारभर पोट तक्रार करते. आमच्या सौभाग्यवती एकदा म्हणाल्या, "अहो, तुम्ही हल्ली जेवत नाही, गिळता." चिरंजीवांनी त्याच आठवड्यात दंतवैद्याची वेळ घेतली.

दात बसविण्याचे मार्ग तीन. पहिला आपल्या सर्वांच्या ओळखीचा, तो कवळीचा. ती काढता-घालता येते, स्वस्त असते आणि शस्त्रक्रिया लागत नाही. वरची पूर्ण कवळी टाळूस चिकटून बऱ्यापैकी बसते. खालची मात्र जिभेच्या हालचालीने उठत राहते. दुसरा मार्ग ब्रिजचा. रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात घासून बारीक करावयाचे आणि त्यांवर तीन दातांची जोडलेली टोपी बसवावयाची. काम पंधरा दिवसांत होते. परंतु दोन धडधाकट दातांची साल काढावी लागते, आणि पुढे त्यांतील एक किडला की तिघेही जातात. ज्यांचे शेजारचे दात आधीच टोपीचे आहेत त्यांस ब्रिज ठीक. आमच्या खालच्या दाढेच्या मागे तर दातच नव्हता, मग पुलाचा दुसरा खांब उभा कोठे करावयाचा?

तिसरा मार्ग रोपणाचा. त्याचा इतिहास मनोरंजक आहे आणि तो एका सशाच्या पायापासून सुरू होतो. स्वीडनमधील लुंड येथे १९५२ साली पेर-इंगवार ब्रोनेमार्क नावाचे तरुण संशोधक हाडातील रक्ताभिसरण कसे चालते ते पाहत होते. त्यासाठी त्यांनी सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियम धातूची एक लहानशी नळी बसविली, आतले सूक्ष्मदर्शकातून दिसावे म्हणून. प्रयोग संपल्यावर महागडी नळी परत काढून घ्यावी म्हटले तर ती निघेना. हाड तिला जाऊन भिडले होते. दुसऱ्या कोणी दोन शिव्या देऊन नवी नळी मागविली असती. ब्रोनेमार्कांनी त्या न निघणाऱ्या नळीतून पुढचे सारे आयुष्य काढले. १९६५ साली त्यांनी गोस्टा लार्सन या गृहस्थाच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमचे खुंट बसविले. लार्सन यांच्या जबड्यात जन्मापासून दोष होता आणि खालचे दात नव्हते. त्यांचे निधन २००६ साली झाले; चाळीस वर्षांहून अधिक काळ ते त्याच खुंटांवर जेवले. तरीही दंतवैद्यांच्या जगाने ही गोष्ट सहजी मान्य केली नाही. १९८२ साली कॅनडातील टोरांटो येथे भरलेल्या परिषदेनंतरच इतर देशांतील विद्यापीठे तिकडे वळली. ब्रोनेमार्क २०१४ साली वारले. हे सर्व आम्हांस विश्वास वाटावा म्हणून सांगावेसे वाटते. ज्या मालाला चाळीस वर्षांचा एक ग्राहक नावानिशी सापडतो, त्या मालास नवलाई म्हणून झटकून टाकता येत नाही. परंतु तो ससा बिचारा आमच्या मनातून गेला नाही, हेही खरे.

रोपणाची रीत अशी. हाडात छिद्र पाडून त्यात टायटॅनियमचा स्क्रू फिरवून बसवितात. मग बहुधा खालच्या जबड्यास तीन महिने आणि वरच्यास, तेथील हाड भुसभुशीत असल्याने, सहा महिन्यांपर्यंत थांबतात. त्या अवधीत हाड धातूस घट्ट भिडते. नंतर स्क्रूवर जोडखुंट व त्यावर दाताची टोपी. प्रकृती चांगली असून निगा राहिली तर दहा वर्षांनंतरही शंभरातील नव्वदांहून अधिक रोपणे जागेवर असतात. वरची टोपी मात्र त्याआधी बदलावी लागू शकते. गाडीचे चाक टिकले तरी धाव बदलावी लागते, तसे.

आता ज्या गोष्टी आम्हांस जाहिरातीत कोठेच आढळल्या नाहीत त्यांकडे वळतो.

पहिली गोष्ट अहिंसेची. आमच्या वरच्या दाढेच्या जागी हाड फारच थोडे उरले होते. वरच्या मागच्या दाढांच्या डोक्यावर नाकाशी जोडलेली एक हवेची पोकळी असते. दाढा गेल्या की तिचा तळ खाली येतो. तो उचलून खाली हाडाची पूड भरावी लागेल, असे दंतवैद्य म्हणाले. व्यापाऱ्याच्या सवयीने आम्ही विचारले, "पूड कशाची?" ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "शेठजी, हे आजवर मला कोणी विचारलेच नाही." त्यांनी कपाटातून डबी आणून तिच्यावरील मजकूर वाचून दाखविला. ती पूड गाईबैलांच्या हाडांची होती. अशा हाडांवर उष्णतेची व रसायनांची क्रिया करून त्यांतील जैव अंश काढतात आणि खनिज सांगाडा तेवढा ठेवतात. तिच्यावर झाकण्याचा जो पातळ पडदा असतो तो पुष्कळदा डुकराच्या किंवा गाईच्या शरीरातून घेतलेल्या कोलॅजेनचा असतो. हा माल जगभर चालतो, वैद्यकीय दृष्ट्या चांगला ठरलेला आहे आणि दंतवैद्याने त्यात काही लपविले असे मुळीच नाही. त्याने सांगितले नाही, कारण आपण विचारले नाही. पर्याय आहेत. चुन्याच्या क्षारांपासून कारखान्यात तयार केलेली कृत्रिम पूड मिळते, आणि रोग्याच्याच हनुवटीतून वा जबड्याच्या मागच्या भागातून हाडाचे कण काढून ते वापरण्याचीही पद्धत आहे. प्रत्येक ठिकाणी प्रत्येक पर्याय सारखाच लागू पडतो असे नाही. तो निर्णय दंतवैद्याचा. परंतु प्रश्न आपला आहे, आणि तो खुर्चीत आडवे होण्यापूर्वी विचारावयाचा आहे.

एकदा डोळे उघडल्यावर आम्ही बाकीचेही विचारले. टाके घालण्याचा काळा धागा सामान्यतः रेशमाचा असतो. ज्या घरांत रेशमी वस्त्र पूजेलाही चालत नाही तेथील माणसाच्या हिरडीत तो आठ दिवस राहतो! काही धागे जनावरांच्या आतड्यांचेही असतात. नायलॉनचा किंवा विरघळणारा कृत्रिम धागा मागितला तर मिळतो. औषधाची कॅप्सूल बहुतेक वेळा जिलेटीनची, म्हणजे प्राणिज. तेच औषध पुष्कळदा गोळीच्या रूपातही असते. कोणी किती पाळावे हे ज्याचे त्याने ठरवावे. आजारात सवलत घेणाऱ्यास आम्ही दोष देत नाही. पण अजाणता पदरी पडलेला माल आणि पाहून घेतलेला माल यांत फरक आहे, एवढे प्रत्येक दुकानदार मान्य करील.

दुसरी गोष्ट शरीराच्या खातेवहीची. आमची तीन महिन्यांची सरासरी साखर, जी तपासणीच्या कागदावर टक्क्यांत येते, ती ८.९ निघाली. दंतवैद्य म्हणाले, "साडेसाताच्या खाली आणा, मग या." साखर वाढलेल्या शरीरात जखम भरत नाही आणि हाड धातूस नीट भिडत नाही. आलेला ग्राहक परत पाठविणारा माणूस, म्हणून आमचा त्यांच्यावर विश्वास बसला तो तेव्हा. पाच महिने दराबा आणि मावा-जलेबी या आपल्या बुऱ्हाणपुरी दैवतांकडे आम्ही पाठ फिरविली, सकाळी तापीकाठाने चालू लागलो, आणि आकडा ७.२ वर आला. दातांच्या निमित्ताने साखर उतरली, हा या व्यवहारातील सर्वांत मोठा लाभ असे आमचे फॅमिली डॉक्टर म्हणतात; दात त्यांच्या हिशेबी नाहीच.

रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी त्या दंतवैद्यास सांगाव्या, आणि स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. हृदयाचे डॉक्टर व दंतवैद्य यांनी मिळून ठरवावयाचे ते आहे. आपल्या भगिनींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. हाडे ठिसूळ झाल्याबद्दल आठवड्यास एक गोळी किंवा वर्षास एक इंजेक्शन घेणाऱ्या पुष्कळ आहेत. त्यांतील काही औषधांमुळे दात काढल्यावर वा रोपण केल्यावर जबड्याचे हाड भरून न येता उघडे पडण्याचा धोका असतो. धोका लहान आहे. परंतु दंतवैद्यास त्या गोळीचे नाव माहीत असलेच पाहिजे. "त्याचा दाताशी काय संबंध?" म्हणून ती चिठ्ठी घरी ठेवून जाऊ नये.

तंबाखूचे काय सांगावे? मध्य प्रदेशात गुटख्यावर २०१२ सालापासून बंदी आहे आणि पुड्या कोठे मिळतात ते सर्वांस माहीत आहे. तंबाखू ओढणाऱ्याची रोपणे निकामी होण्याचा संभव न ओढणाऱ्याच्या सुमारे दुप्पट. आमचे एक व्याही खानदेशात असतात. त्यांनी दोन रोपणे करविली आणि चुना-तंबाखूची गोळी जिथल्या तिथे, त्याच गालात, चालू ठेवली. आठ महिन्यांत दोन्ही खुंट हलू लागून निघाले. दोष त्यांनी धातूस दिला. सुपारी सतत चघळणाऱ्यांच्या गालांचे स्नायू आखडतात आणि तोंड उघडेनासे होते. ज्याच्या तोंडात तीन बोटे उभी जात नाहीत त्याच्या मागच्या दाढेपर्यंत हत्यार जाणार कसे? अशा गृहस्थांनी रोपणाची चौकशी मागून करावी, आधी ते तोंड तपासून घ्यावे, कारण त्यातून पुढे कर्करोगही उद्भवतो.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. दिगंबर मुनींच्या २८ मूलगुणांत अदंतधावन हा एक आहे; देहाचा मोह सुटावा म्हणून ते दात घाशीत नाहीत. आमच्यातील काही गृहस्थ मुनिराजांचे बाकीचे २७ गुण सोडून हा एवढा एकच उचलतात. मुनिराज दिवसातून एकदा, उभ्याने, हाताच्या ओंजळीत आहार घेतात. दुपारी चारला भजी आणि रात्री साखरेचा चहा घेत नाहीत. रोपण केलेल्या दातास कीड लागत नाही हे खरे, पण त्याच्या भोवतीची हिरडी पिकते आणि हाड खात जाते, तेही न दुखता. म्हणून बारीक ब्रशाने व दोऱ्याने त्याची सफाई रोज करावी लागते आणि सहा महिन्यांनी दाखवावे लागते. ज्यांचे हात थरथरतात व घरात सफाई करून देणारे कोणी नाही, त्यांनी हाही विचार करावा.

भावाविषयी. आम्ही तीन ठिकाणी विचारले: येथे, जळगावास आणि इंदुरास. एका दाताचा एकंदर भाव २२,००० पासून ५५,००० पर्यंत सांगण्यात आला. आधी वाटले की ही लूट आहे. नंतर लक्षात आले की एकाने नुसत्या स्क्रूचा भाव सांगितला होता आणि दुसऱ्याने सर्व मिळून. आपण गहू घेताना भाव मंडीचा की गोदामपोच हे विचारतो. येथेही स्क्रू, जोडखुंट, टोपी, जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे आणि पुढच्या फेऱ्या यांतील काय धरले आहे ते कागदावर लिहून घ्यावे. इंदूरचा रस्ता एकतर्फी चार तासांचा धरला तर फेऱ्यांचा खर्चही त्यात मिळवावा. इंदुरास १९६१ सालापासून सरकारी दंत महाविद्यालय आहे, मुंबईस नायर रुग्णालयाचे १९३३ पासून. अशा ठिकाणी खर्च कमी, वेळ अधिक, आणि शिकविणारे अध्यापक पाठीशी उभे. ज्यांस घाई नाही त्यांनी तो दरवाजाही ठोठावून पाहावा. आरोग्यविम्यात हे काम, अपघात सोडल्यास, बहुधा धरलेले नसते. आणखी एक: कोणत्या कंपनीचा, कोणत्या मापाचा स्क्रू बसविला त्याची लॉट क्रमांकासह चिकटपट्टी स्क्रूच्या वेष्टनावर असते. ती आपल्या कार्डावर लावून घ्यावी आणि सौदाचिठ्ठीसारखी जपावी. दहा वर्षांनी टोपी सैल झाली आणि दंतवैद्य गाव सोडून गेलेला असला, तर दुसऱ्याने कोणता पेचकस लावावा हे त्या पट्टीवरूनच कळते.

एका मोठ्या शहरात, जेथे आम्ही लग्नानिमित्त गेलो होतो, "एका दिवसात नवे दात" अशी पाटी पाहून चिरंजीवांनी आम्हांस आत नेले. तेथील मंडळींनी वातानुकूलित खोलीत बसवून, पडद्यावर आमचे भावी हसू दाखविले, आणि सांगितले की उरलेल्यांपैकी सहा दात काढून दहा रोपणे करावीत, साडेचार लाख. त्या सहांपैकी एकही दुखत नव्हता, एकही हलत नव्हता. हप्त्यांची सोय होती, सही त्याच दिवशी करावयाची होती. ज्या सौद्यात आज सही न केल्यास उद्या भाव चढतो असे सांगतात, त्या सौद्यातून उठावे, हे आम्हांस मंडीने शिकविले आहे. चिरंजीव बाहेर आल्यावर म्हणाले, "अण्णा, चूक झाली." आम्ही म्हटले, चूक पाहण्यात होत नाही, सही करण्यात होते. काही रोग्यांचे सर्व दात खरोखरच काढण्यासारखे असतात आणि त्यांना एका दिवसात तात्पुरते दात देण्याची पद्धतही शास्त्रशुद्ध आहे. पण निरोगी दात हा सर्वांत उत्तम रोपण आहे, असे नंतर आमच्या दंतवैद्यांनी हसून सांगितले.

अखेर आम्ही काय केले? डाव्या बाजूच्या खाली पहिल्या दाढेच्या जागी एकच रोपण केले. एक्स-रेत हाड पुरेसे निघाले आणि जबड्यातून जाणारी नसही सुरक्षित अंतरावर होती. तिच्या मागची जागा रिकामीच ठेवली. दंतवैद्यांच्या मते तेवढ्याने चावण्यास फारसे अडत नाही. उजवीकडे वर पूड भरण्याचे काम कृत्रिम पुडीने होण्यासारखे होते, तरी या वयात एका दातासाठी दुसरी शस्त्रक्रिया आम्हांस नको वाटली. तेथे एका दाताची काढती कवळी लावली. एकंदर खर्च एक्स-रेसह ३९,००० झाला. शस्त्रक्रियेच्या वेळी दुखले नाही. दोन दिवस गाल सुजला, आठवडाभर भात-वरण व पेज. नंतर तीन महिने थांबणे, हेच सर्वांत कठीण गेले.

आमच्या थोरल्या वहिनींचा मार्ग निराळा. त्यांच्या तोंडात एकही दात नाही. वरची कवळी त्यांना वीस वर्षे उत्तम चालते. खालची ताटात पडते म्हणून त्या चार माणसांत जेवावयास बसत नसत. त्यांच्यासाठी पूर्ण रोपणांची गरजच नव्हती. खालच्या जबड्यात पुढे फक्त दोन खुंट बसवून त्यांवर कवळी बटणासारखी अडकवितात. कॅनडातील मॅक्‌गिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी २००२ सालीच म्हटले होते की, दात नसलेल्या खालच्या जबड्यास नुसत्या कवळीऐवजी ही दोन खुंटांची कवळी हाच पहिला पर्याय असावा. वहिनी आता पंगतीत बसतात. आमच्या सौभाग्यवतींनी मात्र सगळे ऐकून घेतले आणि आपल्या साध्या कवळीवरच समाधान मानले. ती त्यांना बसते, रुचते, आणि रात्री पाण्यात ठेवता येते. त्यांचाही निर्णय बरोबर आहे असे आम्ही मानतो.

एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती, ती आम्हांस मंडीत कळली. खरा दात हाडात पक्का रोवलेला नसतो. तो हाड आणि मूळ यांच्यामधील अगदी पातळ तंतूंच्या गादीवर तोललेला असतो, आणि त्या गादीत जाणिवेच्या नसा असतात. म्हणूनच भातातील केसाहून बारीक कचही त्याला कळते. रोपणास ती गादी नाही. धातू थेट हाडास भिडलेला. हाडातून थोडी जाणीव पोहोचते, परंतु ती बोथट असते. ते दमदारपणे चावते, पण काय चावले ते फारसे सांगत नाही. म्हणून त्या बाजूने खडा आला तरी जोर आवरत नाही आणि वरची टोपी तडकू शकते. दंतवैद्यांस विचारले तेव्हा त्यांनी हे सारे समजावून दिले. तेही म्हणाले की, हा प्रश्न त्यांच्याकडे धान्याच्या व्यापाऱ्यानेच आणला.

धातूचे पुढे काय होणार, असे नातवाने विचारले. टायटॅनियम १६६८ अंशांवर वितळते. चितेची आग तेथवर जात नाही. म्हणजे अस्थी वेचताना तो स्क्रू तसाच सापडेल. आम्ही म्हटले, तापीत सोडू नका, नदी घाण होईल; भंगारवाल्यास द्या, त्याला भाव येईल. सूनबाई रागावल्या.

गेल्या चैत्रात नवा गहू आला. निंबोळ्याकडच्या एका शेतकऱ्याने गोण्या उतरविल्या, वानगी पुढे केली आणि आमच्या तोंडाकडे पाहत उभा राहिला. त्याचे वडीलही असेच पाहत उभे राहत. यंत्राने ११.८ दाखविले. आम्ही सवयीने दोन दाणे डाव्या, नव्या दाढेखाली ठेवले आणि दाबले. दाणे फुटले, पण बातमी आली नाही. मग आणखी दोन उचलले आणि उजवीकडे, मागे, जी एक जुनी दाढ अजून आपल्या गादीवर बसून आहे, तिच्याखाली सरकवले.

"कट्‌," असा आवाज झाला. शेतकऱ्याने तो ऐकला आणि गोणी उचलण्यासाठी हमालास हाक मारली.